वजा एक नंबरची स्टेज

प्रश्न : 1996 च्या सुट्टीत आम्ही टीव्ही गेम भाड्यानं आणला होता. सुपर मारिओ खेळताना माझा मारिओ भिंतीत घुसला आणि पाण्याच्या एका स्टेजमध्ये पोहोचला. ती संपतच नव्हती. थोरला भाऊ आजही म्हणतो, थापा मारतोस. खरं काय? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर : हे उत्तर थोरल्याला मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्ही खरं बोलत होता.

राजारामपुरीत माझं गेम भाड्यानं द्यायचं दुकान होतं. "काका, कॅसेट खराब हाय, पाण्यातनं भाईरच पडत न्हाई," म्हणत पोरं कॅसेट परत आणायची. मीही पिना पुसायचो, फुंकर मारायचो. कॅसेट ठणठणीत असायची.

तुमचा मारिओ घुसला ती भिंत 1-2 मध्ये आहे. 1-2 म्हणजे पहिल्या जगातली दुसरी, जमिनीखालची स्टेज. तिच्या शेवटी बाहेर पडायचा पाइप असतो आणि वर छताला विटा. पाइपच्या भिंतीला टेकलेली वीट ठेवायची, तिच्या डावीकडच्या दोन फोडायच्या. मग पाइपच्या अगदी डाव्या कडेवर उभं राहायचं, तोंड डावीकडे, खाली बसून उडी आणि हवेतच उजवं बटण. जमलं तर मारिओ भिंतीतून सरकत पलीकडे जातो. एका केसाचा फरक पडला तरी डोकं आपटतं. मला स्वतःला ते जमायला एक अख्खी दुपार लागली होती.

पलीकडे तीन पाइपांची खोली. कुठला पाइप कुठल्या जगात नेणार, हे पडदा पुरेसा पुढे सरकून स्वागताची अक्षरं उमटतात तेव्हा ठरतं. तुम्ही भिंतीतून आलात, पडदा मागेच राहिला. त्यामुळं गेमनं 4-2 मधल्या अशाच खोलीची माहिती धरली. तिथं एकच पाइप, मधला, जग 5 चा. बाजूच्या दोन जागा रिकाम्या. आणि रिकामी जागा गेममध्ये 36 या आकड्यानं लिहिलेली आहे, कारण 36 नंबरचं चित्र कोरं आहे. तुम्ही कडेच्या पाइपात शिरलात, गेमनं 36 हेच जग समजलं. खरं नाव 36-1, पण 36 च्या जागी कोरं चित्र आलं आणि पडद्यावर उरलं नुसतं "-1". आत 7-2 चीच पाण्याची स्टेज. तिच्या शेवटचा पाइप परत सुरुवातीलाच आणून सोडतो, वेळ संपेपर्यंत.

अख्खा गेम 40 केबीत बसवलाय. ढग आणि झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा! इतक्या काटकसरीत रिकाम्या जागेलाही आकडा द्यावा लागला, यात बनवणाऱ्यांची हयगय मला दिसत नाही.

3-1 च्या पायऱ्यांवर कासवावर उड्या मारून लाइफ वाढवणाऱ्यांनाही असंच कोडं पडायचं. दहा लाइफ झाल्या की आकड्याजागी मुकुट दिसतो, ते ठीकच. पण 127 च्या पुढचा आकडा गेम वजा धरतो. मग त्याहून जास्त लाइफ जमवलेलं पोर एकदा मेलं की थेट गेम ओव्हर. रडू यायचं त्यांना.

एक मात्र थोरल्याला जरूर सांगा. जपानमध्ये 1986 साली हाच गेम डिस्कवर आला. त्यात भिंतीपलीकडे -1, -2, -3 अशा तीन स्टेज आहेत, आणि पाण्यात चक्क राजकन्या तरंगताना दिसते. तिसरी संपली की गेम जिंकला.