खिऑसला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

मस्तिखा या झाडाच्या राळेवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. झाडावर तीन पानं, सणवारांवर दोन पानं आणि भाव कोण ठरवतं यावर जेमतेम दीड ओळ! मला विचारशील तर तुझा खरा विषय त्या दीड ओळीतच आहे.

खिऑस हे ८४२ चौरस किलोमीटरचं ग्रीक बेट. समोर तुर्कस्तानचा किनारा, मधे अरुंद ठिकाणी सातेक किलोमीटर पाणी. बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या वीस-पंचवीस गावांत मस्तिखा पिकते. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून मिळते तीच. संत इसिदोराचा छळ झाला तेव्हा झाडं रडली आणि त्या आसवांची मस्तिखा झाली, अशी तिथली कथा. गावात ती प्रत्येक जण सांगेल. ऐकून घे, पण प्रबंधाची सुरुवात तिच्यापासून करू नकोस. सगळेच करतात.

काम मात्र नीट उभं राहून बघ. झुडपासारखं बुटकं, वाकड्या खोडाचं झाड. उन्हाळ्यात त्याच्याखालची जमीन झाडून, खरवडून, अंगणासारखी सपाट करतात आणि वर पांढरी चुनखडीची भुकटी पसरतात. मग टोच्यासारख्या छोट्या अवजारानं सालीला बारीक खाचा पाडतात. एकदम नाही, काही आठवडे थोड्या थोड्या. खाच खोल गेली तर झाड दुखावतं, म्हणून नवशिक्याच्या हातात अवजार लवकर देत नाहीत. राळ थेंबाथेंबानं भुकटीवर पडते आणि पंधरा-वीस दिवसांत घट्ट होते. त्या काळात पाऊस आला की माल खराब. एवढं करून एका झाडामागे वर्षाला सरासरी दीड-दोनशे ग्रॅम! नवीन लावलेलं झाड पाच-सहा वर्षं काहीच देत नाही. २०१२ च्या ऑगस्टमधल्या वणव्यात मस्तिखाच्या कितीतरी बागा जळाल्या. त्या शेतकऱ्यांसाठी नुकसान एका हंगामाचं नव्हतं, हे या हिशोबावरून तुझ्या लक्षात येईल.

हंगाम संपला की खरं किचकट काम सुरू होतं. हिवाळ्यात बायका घरात एकत्र बसून खडे चाळतात, धुतात आणि लहान सुरीच्या टोकानं एकेका खड्याला चिकटलेली माती काढतात. पर्यटक ऑगस्टमध्ये येतो, त्याला हे दिसत नाही. तू हिवाळ्यात जा. थंडी असेल, बोटी वाऱ्यामुळे रद्द होतील, पण लोकांना बोलायला सवड असते.

आता भावाकडे. १३४६ मध्ये इटलीतल्या जिनोव्हा या व्यापारी शहराच्या लोकांनी बेट घेतलं आणि कारभार ‘माओना’ नावाच्या भागधारकांच्या मंडळीकडे गेला. म्हणजे राज्यच एका व्यापारी कंपनीचं. मस्तिखा कुठं, किती आणि कोणत्या भावानं विकायची हे तेच ठरवत. चोरीला शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणे वाढत जाई, आणि शेवटची पायरी फाशीची. कोलंबसानं १४९३ च्या पत्रात, नव्या मुलखात मस्तिखा सापडल्याचं कळवताना, आजवर ती फक्त खिऑसमध्येच मिळते आणि तिथले सत्ताधारी हव्या त्या भावानं विकतात, असं लिहिलंय. त्याला सापडलेलं झाड दुसरंच निघालं, पण बाजाराचं निदान अचूक होतं.

मेस्ता गावात शिरलीस की ही सत्ता भिंतींत दिसेल. घरं एकमेकांना चिकटलेली, बाहेरच्या बाजूची भिंत जवळजवळ सलग तटबंदीसारखी, आत बोळ इतके अरुंद आणि वळणांचे की परका चुकलाच पाहिजे. चाच्यांपासून संरक्षण, असं तिथल्या पाट्यांवर वाचशील. ते खरं आहे. पण ज्या तटानं चाचे बाहेर राहतात, त्याच तटानं शेतकरी आणि त्याचा माल नजरेखाली राहतो, हेही लिही. पिर्गी गाव त्यामानानं देखणं. भिंतींवर काळ्या वाळूचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, आणि तो ओला असतानाच काट्यानं खरवडून काढलेले त्रिकोण-चौकोन. फोटो भरपूर काढशीलच.

१५६६ मध्ये ऑटोमन तुर्क आले. कर मस्तिखातच भरायचा, आणि बदल्यात या गावांना काही सवलती. मग १८२२. ऑटोमनांविरुद्धच्या ग्रीक उठावाच्या धामधुमीत बेटावर भयंकर कत्तल झाली. हजारोंनी माणसं मारली गेली, त्याहून जास्त गुलाम म्हणून विकली गेली. मस्तिखाच्या गावांना आधी हात लागला नव्हता. पण जूनमध्ये कानारिस या ग्रीक खलाशानं ऑटोमन नौदलप्रमुखाचं जहाज जाळलं आणि सूडाची झळ तिथंही पोचली. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाचं या कत्तलीवरचं १८२४ चं मोठं चित्र पॅरिसला लूव्रमध्ये आहे.

इथं तुझ्यासाठी एक धागा आहे. खिऑसच्या व्यापारी घराण्यांनी लंडन, मार्से, त्रिएस्त अशी ठाणी बसवली होती, आणि कत्तलीनंतर अनेकांचा आधार तीच झाली. त्यांतल्या रॅली घराण्याची पेढी १८५१ मध्ये कलकत्त्याला आणि पुढच्या दशकात मुंबईला आली. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाच्या बाजारात ‘रॅली ब्रदर्स’ हे दबदब्याचं नाव होतं. तुमच्या शेतात फवारणीचे ‘रॅलीज’चे डबे असतील, तर ते नाव त्याच पेढीचं, कंपनी पुढे टाटांकडे गेली. बेटावर खरेदीदाराचं राज्य सोसलेला शेतकरी आणि त्याच बेटाचा खरेदीदार वऱ्हाडात, या दोन टोकांवर एक अख्खं प्रकरण होईल. मी तुझ्या जागी असतो तर तेच आधी लिहिलं असतं.

काम्पोस भागातल्या लिंबूवर्गीय बागा, त्यांच्या उंच दगडी भिंती आणि विहिरींवरचे रहाट एका दिवसात बघून हो. १८५० च्या थंडीत जुन्या बागा गेल्या, पुढे मँडरिन संत्री आली, एवढं तुला पुरेल. व्रोन्तादोस गावी ईस्टरच्या रात्री दोन चर्चांचे लोक एकमेकांच्या चर्चवर फटाक्यांची रॉकेटं सोडतात. बघायला हरकत नाही, लिहायला काही नाही.

वेळ द्यायचा तो उत्पादक संघाला. भाव कोसळून शेतकरी मेटाकुटीला आले, तेव्हा १९३८ मध्ये कायद्यानं हा संघ उभा राहिला. गावोगावच्या सहकारी संस्था त्याच्या सभासद, आणि मस्तिखा संघामार्फतच विकायची. १९९७ मध्ये युरोपीय संघानं उगमस्थानाचं संरक्षण दिलं, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला, २००२ मध्ये उत्पादक संघानं स्वतःची दुकानं सुरू केली, २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही लागवड आली. ‘फक्त इथल्याच मातीत मस्तिखा होते’ हे वाक्य तुला रोज ऐकू येईल. समोर तुर्कस्तानात चेश्मेकडेही आता झाडं लावलीत. पिढ्यान्‌पिढ्या कलमांतून निवडलेलं वाण, सवयीचा हात आणि एकच विक्रेता यांचा वाटा किती आणि मातीचा किती, हे वेगळं काढून दाखव. मेळघाटात धावड्याचा डिंक गोळा करणाऱ्यांकडून तू जे प्रश्न शिकलीस तेच इथं विचार: वजन कोण करतं, प्रत कोण ठरवतं, पैसे कधी मिळतात? आणि सुरी घेऊन बसलेल्या बायकांना एक जास्तीचा: विक्रीची पट्टी कुणाच्या नावावर निघते?

संघाच्या कार्यालयातले लोक बोलतील, पण ते संघाची बाजू सांगतील. त्यांच्या आधी गावातल्या एखाद्या नाराज सभासदाला गाठ. आधुनिक ग्रीक कामापुरतं तरी शिकून जा, दुभाषा नाराजी गाळून सांगतो. सुधारलेला आराखडा पंधरा तारखेच्या आत पाठव, म्हणजे शिफारसपत्र मला वेळेवर लिहिता येईल.

तुझा,
सर