दर वाढवण्याआधी टेलला जाऊन ये

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पाणी वापर संस्थेची सचिव झालीस, फार बरं वाटलं. फोनवर म्हणालीस, खातं रिकामं आहे, पाटकऱ्याचा पगार थकलाय, म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत पाणीपट्टी वाढवायचा ठराव आणणार. तो ठराव एक हंगाम थांबव.

मीही आमच्या संस्थेत हीच घाई केली होती. सभेत हात वर झाले, ठराव मंजूर झाला आणि वसुली आधीपेक्षाही खाली आली. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, एका शेतकऱ्याकडे पावतीपुस्तक घेऊन गेलो. तो काही न बोलता मला त्याच्या चारीवर, शेताला पाणी आणणाऱ्या नालीवर, घेऊन गेला. कमरेएवढं गवत, तळ तडकलेला. त्यानं एका भेगेत हातातली काठी घातली, ती वीतभर आत गेली. "पावती कशाची फाडताय?" एवढंच विचारलं त्यानं. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून आधी पाणी मोज. तुमच्या मायनरच्या, म्हणजे छोट्या कालव्याच्या, तोंडाशी पाणी मोजायचं फ्ल्यूम आहे ना, त्यातला गाळ काढून घे, मोजपट्टीवरचे आकडे पुन्हा रंगवून घे. आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सुटलेलं असताना, सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचायची आणि आकडा चावडीवरच्या फळ्यावर लिहायचा. एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, पाणी दिवसरात्र चाललं की सुमारे 2447 घनमीटर होतं. एका पाळीला शेतात 8 सेंटिमीटर उंचीचं पाणी धरलं तर तेवढ्यात तीन हेक्टर भिजायला हवेत. दोनच भिजले, तर तिसऱ्याचं पाणी कुठे मुरलं किंवा कोणी वळवलं, हे लोक आपणहून शोधायला लागतात. रात्री कोण दारं उघडतं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं गं, हातात आकडा नसतो म्हणून कोणी बोलत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या पाणी वापर संस्था बघून ये. वाघाड धरणाच्या अगदी टेलला आहेत त्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घेतलं. पुढे त्या धरणावर 24 संस्था झाल्या आणि सगळ्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्थाही झाली. सुरुवात टेलनं केली, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

कारभाराचंही तसंच. महाराष्ट्राच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं संस्थेच्या संचालक मंडळात हेड (कालव्याच्या तोंडाकडचा भाग), मधला भाग आणि टेल यांना सारखं स्थान दिलंय. कागदावर तुमच्याकडेही ते असेल. पण बैठक कुठे होते? हेडच्या एखाद्या बंगल्याच्या ओसरीवर होत असेल, तर टेलचा संचालक सही करून चहा पिऊन परत जातो. बैठक टेलच्या शाळेत घे. अध्यक्षपद फिरतं ठेवा आणि पहिली पाळी टेलला द्या.

हंगामभर हे केलंस की मग दराचं बोल. पावतीवर तीन ओळी छाप: पाटबंधारे खात्याला घनमीटरप्रमाणे भरायचे किती, पाटकऱ्याच्या पगाराचे किती, चारी-दुरुस्तीचे किती. तिसऱ्या ओळीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला पगारासाठीसुद्धा हात लावू देऊ नकोस. आमचं सगळं तिथेच बिघडलं. दुरुस्तीचा पैसा पगारात गेला, चारीचं अस्तर फुटलं, टेल कोरडं पडलं आणि टेलनं भरणं बंद केलं. वसुली आवर्तनाआधी, पाणी मागणीचा नमुना 7 चा अर्ज घेतानाच करायची. थकबाकीदार संचालक असेल तर सुरुवात त्याच्यापासून.

लोक पैसे देत नाहीत, असं तुला पहिल्या महिन्यात दहा जण सांगतील. पुणे जिल्ह्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीत उपसा योजनेच्या खर्चाचा 20 टक्के वाटा कोरडवाहू शेतकऱ्यांनीच उचलला होता. पाणी माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, मग जमीन कितीही असो. ऊस कोणालाच नाही. नियम सगळ्यांना सारखा होता, म्हणून दुष्काळी भागातल्या माणसांनी खिशात हात घातला.

रब्बीचं पहिलं आवर्तन कधी सुटतंय ते कळव. मी येईन. पहिल्या रात्रीची पट्टी आपण दोघं बॅटरी घेऊन वाचू.

तुझा,
काका