कोरस उठत नाही? आधी व्हर्स खाली आण
तुझ्या गाण्याचा डेमो दोनदा ऐकला. शब्द मनापासून आवडले, पण कोरस, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा मुख्य भाग, कधी आला ते कळलंच नाही. मला वाटतं, ही आपल्या कानांची सवय आहे. आपण भावगीतांवर वाढलो. तिथे ध्रुवपद बहुधा मधल्या सुरांत फिरतं आणि अंतरा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, चढतो. पॉप बॅलडमध्ये, म्हणजे संथ, भावुक पॉप गाण्यात, नेमकं उलटं असतं: व्हर्स (कडवं) खाली, बोलल्यासारखा, आणि चढ कोरसला.

ब्रिटिश गायिका अडेलचं 2011 मधलं 'समवन लाइक यू' हेडफोन लावून ऐक. वाद्य एकच, पियानो. ड्रम्स नाहीत. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सुद्धा व्हर्स आणि कोरसमध्ये जवळजवळ तेच: ए, ई, एफ शार्प मायनर, डी. तरी कोरस अंगावर येतो, कारण व्हर्समध्ये खालच्या सुरांत तुकड्यातुकड्यांनी बोलणारा आवाज तिथे वर झेपावतो आणि अक्षरं लांबवतो.

तू मात्र पहिल्या व्हर्सलाच ड्रम्स, स्ट्रिंग्ज सगळं ओतलंस. मग कोरससाठी उरलं काय?

आज वाद्यांना हात लावू नकोस, फक्त चाल बदल. व्हर्स दोन-तीन स्वर खाली घे, ओळ ठोका पडून गेल्यावर सुरू कर. कोरसची पहिली ओळ मात्र थेट समेवर, पहिल्याच ठोक्यावर, पडू दे, आणि सर्वांत वरच्या सुरावर 'आ' असलेला शब्द ठेव. 'ई'वर नवख्याचा गळा आवळतो. कोरसच्या आधी एक मात्रा सगळं थांबव, श्वास ऐकू येऊ दे. प्री-कोरसचं, म्हणजे व्हर्स आणि कोरस जोडणाऱ्या ओळींचं, नंतर बघू.