चौकटी, पट्टे आणि आधीचा रंग : वाचकांचे प्रश्न

भिंतींच्या शेडबद्दल या महिन्यात कुणी फारसं विचारलंच नाही, बहुतेक पत्रं आली ती दारांच्या चौकटी, खिडक्या, स्कर्टिंग आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यांबद्दल. मला बरं वाटलं, कारण घरात हात, पाय, झाडू, पोछा सगळं याच जागांना लागतं आणि रंगकामात दुर्लक्ष पण यांच्याकडेच होतं.

ताई, आमच्या फ्लॅटच्या चौकटींना आधी चॉकलेटी ऑइल पेंट होता. गेल्या वर्षी त्यावर पांढरा वॉटर बेस रंग मारून घेतला, वास येत नाही म्हणून. आता नख लावलं तरी सालपटं निघतायत. पेंटर म्हणतो डबाच खराब होता. परत ऑइल पेंटच मारू का? (डोंबिवली)

डबा खराब असेल असं मला वाटत नाही हो. खालचा ऑइल पेंट गुळगुळीत आणि चकचकीत, त्यावर पाण्याचा रंग नुसता बसवलाय, त्याला धरायला काही मिळालंच नाही. तुमच्या बाबतीत खाली काय आहे ते माहितीय, पण ज्यांना माहीत नाही त्यांनी आधी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात जरा चोळून बघा, रंग मऊ पडून बोळ्याला लागला तर पाण्याचा, नाही लागला तर बहुतेक ऑइल.

आता करायचं काय, तर जेवढं सुटतंय तेवढं सगळं पट्टीने खरवडून काढा, अजिबात दयामाया नको, अर्धवट चिकटलेलं राहिलं तर नवा रंग त्याच्यासकट येतो. जिथे घट्ट आहे तिथे राहू द्या पण त्याची कड पॉलिश पेपरने अशी घासा की बोट फिरवलं तर पायरी लागणार नाही. घासायच्या आधी मात्र चौकट धुवा, स्वयंपाकघराच्या दाराला तर फोडणीचा चिकट थर असतोच, तो न धुता घासला की पेपरने तेलच लाकडात चोळल्यासारखं होतं. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळू द्या, मग १८० नंबरचा पेपर. चमक पूर्ण गेली पाहिजे, खडूच्या फळ्यासारखी मंद दिसली पाहिजे. मग धूळ ओल्या फडक्याने टिपून टर्पेंटाइनवाला लाकडाचा प्रायमर एक हात, आणि रात्रभर सोडून द्या. हा प्रायमर जुन्या ऑइल पेंटलाही धरतो आणि त्याच्यावर वॉटर बेस पण छान बसतं.

खड्डे भरायला पेंटर भिंतीची पुट्टी वापरत असेल तर थांबवा त्याला. ती सिमेंटची असते, लाकूड पावसात फुगतं उन्हाळ्यात आकसतं, ती तडकून खपली पडते. लाकडाला लाकडाचीच लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी.

ऑइल की वॉटर बेस? पांढरं हवं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, वॉटर बेस इनॅमल. पांढरा ऑइल पेंट काही वर्षांत पिवळा पडतो, आणि जिथे उजेड कमी, म्हणजे कपाटाच्या मागे, पॅसेजमध्ये, तिथे जास्तच पिवळा. चॉकलेटीमध्ये ते दिसत नव्हतं इतकंच. पण डब्यावर नुसतं वॉटर बेस बघून घेऊ नका, भिंतीचं उरलेलं इमल्शन पण वॉटर बेसच असतं आणि कितीतरी घरांत तेच चौकटीला मारतात. ते हवं तेवढं कडक होत नाही, हाताचे डाग धरतं. इनॅमल असं लिहिलेलं हवं.

हिशोब साधारण असा, लिटरभर रंग एका हाताला १०० चौरस फुटांच्या आसपास पुरतो. सात बाय तीनचं दार दोन्ही बाजूंनी ४२, चौकट धरून ५०, म्हणजे दोन हातांना एका दाराला जवळपास लिटर. एक जाड हात मारून काम उरकू नका, ओघळ येतात आणि आतून ओलं राहतं.

आणि एक, कृपा करून दाराची वरची आणि खालची कड रंगवा! कुणाला दिसत नाही म्हणून कुणी रंगवत नाही आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते उभ्या पट्ट्यांच्या त्याच कापलेल्या टोकांतून. पावसाळ्यात दार अडकतं, आपण सुतार बोलवून रंधा मारतो आणि डिसेंबरात फट पडते. दार एकदा बिजागरीतून काढून खालच्या कडेला प्रायमर आणि दोन हात रंग दिला तर फुगणं पुष्कळ कमी होतं. रंगवल्यावर दार पहिले सात-आठ दिवस जोरात लावू नका, वरून वाळल्यासारखं वाटलं तरी चौकटीला चिकटतं.

आमचं घर १९६८ सालचं. खिडक्या-दारं सागवानी पण त्यावर हिरवा, पिवळा, मग तपकिरी असे ऑइल पेंटचे पाच-सहा थर आहेत. सगळं घासून मूळ सागवान बाहेर काढून पॉलिश करायचंय. पेंटर मशीन लावून दोन दिवसांत करतो म्हणतोय. घरात दीड वर्षाचा नातू आहे, सूनबाईंना पुन्हा दिवस आहेत, वासाचा त्रास होईल का? (सांगली)

वासाचं नंतर बघू, आधी त्या मशीनला नाही म्हणा. हे मी अगदी कळकळीने लिहितेय. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं, रंगासाठी आणि लवकर वाळण्यासाठी पण, आणि पिवळा-हिरवा-केशरी अशा भडक रंगांत जास्त. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नको हा नियम २०१६ मध्ये आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. अमेरिकेत घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्येच बंदी आली होती. म्हणजे तुमच्या खिडकीवरच्या बहुतेक थरांच्या वेळी आपल्याकडे असा सक्तीचा नियम नव्हता, तेव्हा शिसं आहे असं धरूनच चालायचं.

कोरडं घासलं की त्याची बारीक पूड होते, ती जमिनीवर, गाद्यांवर, खेळण्यांवर बसते आणि रांगतं-चालतं मूल सगळं तोंडात घालतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. गर्भालाही ते पोचतं.

मी तुमच्या जागी असते तर सगळं काढायचा हट्ट सोडला असता. घट्ट बसलेला रंग झाकलेला असेल तर तो कुणाला त्रास देत नाही. सुटलेलं तेवढं काढायचं आणि ते पण ओलं करून, स्प्रेने पाणी मारत वॉटर पेपरने घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं. नातू आणि सूनबाई ते काम होऊन साफसफाई होईपर्यंत माहेरी किंवा नातेवाइकांकडे. साफ करताना केरसुणी नको, ओलं फडकं, पाणी वारंवार बदलून. जिथे खिडकीचं झडप चौकटीला घासतं ती जागा नीट बघा, उघडझाप करताना रोज तिथून पूड पडते, तिथे सुतार लावून झडप सैल करून घ्या.

ब्लो लॅम्पने रंग जाळून काढतात तेही अजिबात नको, धूर सगळा छातीत जातो. आणि काढलेली सालपटं किंवा रंगाची जुनी फळकुटं बंबात, चुलीत घालायची नाहीत. गावाकडे हे सर्रास होतं, फुकट जळण म्हणून बंबात टाकतात, आणि शिसं धुरातून आणि राखेतून पुन्हा घरात. ती राख भांडी घासायला वापरत असतील तर विचार करा. सालपटं पिशवीत बांधून वेगळी द्या.

सागवान बघायची हौस असेल, आणि ती असणारच, तर एकच दार निवडा, पुढचं. बिजागऱ्या काढून घरापासून लांब उघड्यावर न्या, पेंट रिमूव्हर लावून, हातमोजे घालून, खरवडून काढा, अंग धुऊन कपडे बदलूनच घरात या. बाकीच्यांना रंग द्या. नातवाच्या रक्तातलं शिसं तपासता येतं, एकदा बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

रंग पातळ करायला टर्पेंटाइनऐवजी रॉकेल चालेल का? आणि बेलतेलाने जुनं फर्निचर पुसलंय, त्या चिंध्या परत वापरता येतील का? मी बी.कॉम.ला आहे, रूम स्वतः करतोय. (नागपूर)

अरे, रॉकेल नको. ते पूर्ण उडून जात नाही, रंग चिकट राहतो आणि चमक मरते. चिंध्यांचं मात्र आत्ताच्या आत्ता बघ. बेलतेल म्हणजे जवसाचं तेल, ते हवा घेऊन वाळतं आणि वाळताना गरम होतं, चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आतच साठते आणि कुणी काडी न लावता पेट घेऊ शकतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर धोका जास्तच. उघड्यावर सिमेंटवर एकेक पसरून कडक वाळू दे, मग फेक. परत वापरायच्या भानगडीत पडू नकोस.

आमचं घर १९९४ चं, सगळीकडे लाकडी बेसबोर्ड (म्हणजे स्कर्टिंग) आणि बेडरूममध्ये कार्पेट. मी आणि माझे मिस्टर दोघंच करणार आहोत. आधी भिंत की आधी बेसबोर्ड? कार्पेटला रंग लागू नये म्हणून काय करू? बाथरूमजवळचा एक तुकडा फुगलाय. (एडिसन, न्यू जर्सी)

१९९४ म्हणजे शिशाची काळजी नाही, निवांत घासा. यावर दोन्ही बाजूंनी भांडणारे लोक आहेत पण मी आधी बेसबोर्डच सांगेन, कारण मग वर भिंतीला रंग लागला तरी चालतो, नंतर भिंतीचा हात त्याच्यावर येतो. नंतर पांढऱ्या बोर्डवर भिंतीचा रंग सांडला तर मात्र पुसत बसावं लागतं.

आधी व्हॅक्यूम करा, कडेला केस आणि कार्पेटचा धुरळा असतो तो ब्रशला लागून रंगात कायमचा बसतो. खिळ्यांची भोकं भरा. बोर्ड आणि भिंतीमधली फट भरायला ॲक्रिलिक कॉक घ्या, सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही. फट हिवाळ्यात भरली तर उत्तम, हीटिंगने लाकूड आकसून फट तेव्हा सगळ्यात मोठी असते, उन्हाळ्यात भरलेली नोव्हेंबरात परत उघडते. कार्पेटसाठी रुंद पट्टी घेऊन ती बोर्ड आणि कार्पेटच्या मधे खाली दाबून धरा, एक जण पट्टी सरकवेल एक जण रंगवेल, तुम्ही दोघं आहात ते बरंच आहे. पट्टी दर वेळी पुसून मगच पुढे. रंग सेमी-ग्लॉस, ब्रश अडीच इंची तिरक्या टोकाचा. मास्किंग टेप लावलीत तर रंग पूर्ण कडक व्हायच्या आत ओढा, वाळून गेला असेल तर आधी ब्लेडने कड कापून घ्या.

फुगलेला तुकडा बहुतेक एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड असणार. तो एकदा फुगला की परत बसत नाही, घासून काही होत नाही, तेवढा बदला, आणि नवीन लावायच्या आधी त्याच्या कापलेल्या टोकांना आणि खालच्या कडेला ऑइल प्रायमर द्या. पाणी कुठून येतंय तेही शोधा.

आमच्या चिऱ्याच्या घरात भिंतीच्या खाली वीतभर ऑइल पेंटचा पट्टा आहे. दर पावसाळ्यानंतर फुगे येऊन पडतो, आत पांढरी पूड. दर वर्षी रंगवतो. (राजापूर)

या वर्षी रंगवू नका. तो लोणा आहे, म्हणजे ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारा क्षार, भिंत जमिनीतून पाणी ओढतेय आणि ऑइल पेंटमुळे ते बाहेर पडायला जागा नाही, मग ते रंगालाच ढकलून देतं. आधी बाहेर जाऊन बघा पागोळ्या कुठे पडतायत. जोत्यालगत पडून पाणी उडत असेल तर पन्हाळ लावा, नाहीतर जोत्यापासून उतार काढून पाणी लांब न्या. आतला पट्टा सगळा खरवडा, पूड कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, धुतलं की क्षार परत भिंतीत जातो. मग हिवाळा-उन्हाळा भिंत उघडी ठेवा. टाइल लावा असं कुणी सुचवेल, पण तिनेही ओल थांबत नाही, ती टाइलच्या वरती चढते.

मे महिन्यात फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दोन दिवसांनी मागे दमटपणा दिसला तर अजून थांबा, कोरडं असेल तर चुना द्या. ऑइल पेंट मात्र एक पूर्ण पावसाळा चुन्यावर काढल्यानंतरच, आणि तेव्हाही पूड आली नसेल तरच.