हॉर्साचा बेस कसा करू?

प्रश्न: १/७२ स्केलचं हॉर्सा ग्लायडर (दुसऱ्या महायुद्धातलं सैनिक वाहून नेणारं बिनइंजिनाचं ब्रिटिश विमान) पूर्ण झालंय. ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या पेगासस ब्रिजजवळ उतरलेलं दाखवायचंय. बेस किती मोठा घेऊ आणि जमीन कशी करू?

उत्तर: खऱ्या हॉर्साचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण २६.८ मीटर, म्हणजे तुमच्या मॉडेलचे ३७ सेंटीमीटरच्या आसपास, तेव्हा ४५ बाय ४० सेंटीमीटरचा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) घ्या आणि ग्लायडर कडेला समांतर न ठेवता थोडं तिरकं ठेवा, सरळ ठेवलं की शोकेसमधलं वाटतं. त्यावर फोम शीट, वर पुट्टी आणि पांढऱ्या गोंदाचा थर. फोमवर स्प्रे पेंट थेट मारू नका हं, वितळतो.

आता खरी गंमत जमिनीत आहे. ही ग्लायडर्स शेतात आपटत, घसरत थांबली, पोटाखाली स्किड (घसरायची पट्टी) होती, त्यामुळे मागे उकरलेल्या मातीचा लांब चर हवाच, तो पुट्टी ओली असतानाच ओढा आणि ग्लायडर त्याच वेळी दाबून बसवून बघा (खाली प्लास्टिकचा कागद ठेवून), नाहीतर नंतर ते जमिनीवर तरंगल्यासारखं दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. चरात गवत नको, ओल्या मातीचा गडद रंग द्या. बाकी ठिकाणी २ ते ४ मिलीमीटरचं स्टॅटिक गवत (मॉडेलसाठी मिळणारे गवतासारखे कृत्रिम तंतू), दोन-तीन छटा मिसळून. हॉर्सा लाकडी होतं, म्हणून तुटलेल्या भागाला प्लायवूडच्या चिरफळ्या दाखवा, चंदेरी धातू अजिबात नाही!