डिबेट केलंय, मग वकिलीच का?

प्रिय मित्रा,

‘डिबेट करतोस म्हणजे वकीलच होणार’ हे तुला सगळे ऐकवतात, असं लिहिलंस. वकिली वाईट नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन शाळेत डिबेट करायच्या. पण वकिलाचा बराचसा वेळ वाचनात आणि मसुदे लिहिण्यात जातो, उभं राहून बोलणं त्या मानानं थोडं. केवळ बोलायला मिळेल म्हणून जाणार असशील, तर आधी कुणा वकिलाकडे बसून फायली वाचून बघ.

त्यापेक्षा स्पर्धेतला कोणता भाग तुला मनापासून आवडतो ते शोध. मोशन, म्हणजे वादाचा विषय, जाहीर झाल्यावरच्या 15 मिनिटांत अनोळखी विषयाची मांडणी करायला मजा येते? मग व्यवस्थापन सल्लागाराचं काम जमेल. धोरण-संशोधनही सुचवेन, पण तिथे स्पर्धेसारखी बाजू चिठ्ठीनं ठरत नाही. पुरावा उलटा निघाला की आपलं म्हणणंच बदलावं लागतं, आणि हे अनेक पट्टीच्या डिबेटरांना जड जातं. पीओआय, म्हणजे समोरच्याचं भाषण चालू असताना मध्येच प्रश्न, विचारायला सारखा उठतोस? पत्रकारिता बघ.

परीक्षण आवडत असेल तर मात्र नीट विचार कर. ब्रिटिश पार्लमेंटरी या डिबेटच्या प्रकारात चार संघ असतात. स्वतःचं मत बाजूला ठेवून त्यांचा पहिला ते चौथा क्रम लावायचा, आणि चौथ्या आलेल्यालाही पटेल असं कारण तोंडी सांगायचं. संपादन, मध्यस्थी, माणसांची निवड या कामांत हेच रोज करावं लागतं. माझ्या मते डिबेटमधून मिळणारं हे सगळ्यात मोलाचं कौशल्य, आणि ट्रॉफ्यांच्या नादात सगळ्यात दुर्लक्षित.

एक सवय मात्र सोड. स्पर्धेत तुझी सात मिनिटं ऐकून घ्यायला परीक्षक बांधलेला असतो, ऑफिसात कुणीच नसतं. मीटिंगमध्ये सहकाऱ्याच्या प्रत्येक वाक्याला रिबटल, म्हणजे खोडून काढणारं उत्तर, दिलंस, तर तो पुढच्या वेळी तुझ्यासमोर तोंडच उघडणार नाही.

बायोडेटात ‘उपांत्य फेरी’ एवढंच लिहू नकोस, डिबेटबाहेरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. नवख्या संघाला तयार केलंस, स्पर्धेचं वेळापत्रक सांभाळलंस, ते सविस्तर लिही. परीक्षक म्हणून कधी बसलास का, हे तुझ्या पत्रात नव्हतं. ते कळव आणि बायोडेटाही पाठव.

तुझा,
एक जुना डिबेटर