साखर रक्तात असते, मग डोळ्याचा पडदा कसा खराब होतो?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना १४ वर्षांपासून शुगर आहे, चष्मा लावून ते पेपर नीट वाचतात, तरी डॉक्टरांनी ‘पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या आल्यात, लेझर करावं लागेल’ असं सांगितलं. साखर रक्तात, मग त्रास डोळ्यात कसा? आणि दिसत असताना लेझर कशाला?

मी डॉक्टर नाही. पडद्याच्या दवाखान्यात अँजिओग्राफीचे, म्हणजे डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचे, फोटो काढते. हाच प्रश्न घेऊन आलेली मुलं-सुना मला रोज भेटतात.

डोळ्याचा पडदा (रेटिना) जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, पण वजनाच्या मानाने त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. तो पुरवणाऱ्या केशवाहिन्यांना पेरिसाइट नावाच्या पेशी बाहेरून बिलगून असतात. नळीला आधार द्यायचा आणि रक्तातलं पाणी झिरपू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. पडद्यात त्या इतर अवयवांपेक्षा खूप दाट असतात.

स्नायूंच्या पेशीत साखर शिरायला इन्सुलिन लागतं. केशवाहिन्यांच्या पेशींना मात्र दार लावून घेता येत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. तिथे थोड्या साखरेचं सॉर्बिटॉल नावाचं रसायन बनतं, थोडी प्रथिनांना चिकटते. एचबीएवनसी तपासणीत हेच चिकटणं मोजतात, फक्त हिमोग्लोबिनवरचं. वर्षानुवर्षं हे चाललं की पेरिसाइट मरायला लागतात. आधार गेलेली नळी जागोजागी फुगते, झिरपते, आणि पुढे काही नळ्या कायमच्या बंद पडतात.

अँजिओग्राफीत दंडातल्या शिरेतून पिवळा रंग सोडला की दहा-पंधरा सेकंदांत तो डोळ्यात पोचतो. फोटोत गळती पांढरी चमकते. बंद नळ्यांचा भाग काळा दिसतो. मला भीती त्या काळ्या भागाची वाटते. तिथला पडदा गुदमरलेला असतो, पण मेलेला नसतो. ऑक्सिजनसाठी तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो. ‘इकडे नव्या रक्तवाहिन्या पाठवा’ असा तो निरोप. गुदमरलेल्या पडद्यातून असं काहीतरी सुटत असणार, हा अंदाज मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने १९४८ मध्येच मांडला होता. १९९४ मध्ये मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात ते प्रथिन वाढलेलं प्रत्यक्ष मोजलं गेलं.

निरोपाप्रमाणे रक्तवाहिन्या येतात, पण कच्च्या, आणि उपाशी भागात शिरण्याऐवजी पडद्यावरून डोळ्यातल्या जेलीकडे वाढतात. एखादी फुटली की डोळ्यापुढे एकाएकी काळी जाळी येते. पुढे त्यांच्याबरोबर वाढलेला तंतूंचा थर आकसतो आणि पडद्याला ओढून सोडवतो. म्हणजे डोळा स्वतःला वाचवायला जी धडपड करतो, तिच्यातूनच नजर जाते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या पडद्यातही बरंचसं असंच घडतं. तिथे साखरेचा संबंध नसतो. कडेपर्यंत रक्तवाहिन्या पोचलेल्याच नसतात.

वडिलांना दिसतं, कारण वाचायला लागणारा मधला भाग दीडेक मिलिमीटरचा आहे आणि त्यांचा तो अजून शाबूत असावा. बिघाड कडेला आहे. तिथे काही दुखत नाही, काही कळत नाही. रक्तस्राव व्हायच्या आधीची ही वेळच लेझरसाठी सगळ्यात चांगली.

लेझर कडेच्या पडद्यावर शेकडो छोटे डाग भाजतं. ऐकायला क्रूर वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं. पण प्रकाश टिपणाऱ्या पेशीच सर्वात जास्त ऑक्सिजन खातात. त्यातल्या काही कमी केल्या की उरलेल्यांना पुरतो आणि व्हीईजीएफ उतरतं. अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निकाल १९७६ मध्ये आले, तेव्हा अशा लेझरने नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालेलं दिसलं. किंमत मोजावी लागते, अंधारात आणि कडेचं थोडं कमी दिसू शकतं. हे वडिलांना आधीच सांगा. डोळ्यात देतात ती इंजेक्शनं व्हीईजीएफला थेट पकडतात, पण काही आठवड्यांत असर ओसरतो. मध्येच तारखा चुकवणाऱ्यांचे डोळे मी बिघडताना पाहिलेत. ज्यांना पुन्हापुन्हा येणं जमणार नाही, त्यांच्यासाठी मला लेझर जास्त भरवशाचं वाटतं. निर्णय अर्थात डॉक्टरांचा.

साखर आटोक्यात ठेवण्याला पर्याय नाहीच. १९९३ च्या एका अभ्यासात, टाइप १ मधुमेहाच्या (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) ज्या रुग्णांचा पडदा आधी चांगला होता, त्यांच्यात काटेकोर नियंत्रणाने हा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र फार वाढलेली साखर झपाट्याने खाली आणली, तर आधीच बिघडलेला पडदा काही महिने आणखी बिघडू शकतो. म्हणून नवीन इन्सुलिन सुरू करताना शुगरच्या डॉक्टरांना पडद्याचा रिपोर्ट दाखवा. औषध मात्र स्वतःहून थांबवू नका.

आणि लेझरच्या दिवशी त्यांना एकटं पाठवू नका. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. गाडी तुम्ही चालवा, काळा चष्मा बरोबर न्या.